भग्न शिखर आणि प्रतिकृतीचे इमान

अंबरनाथच्या शिवमंदिरात मंडपातून गाभाऱ्याकडे जायचे तर पायऱ्या उतराव्या लागतात. खाली पोहोचल्यावर नजर आपसूक वर जाते, कारण जेथे शिखराच्या पोटातील अंधार असायचा तेथे आकाश आहे. शिखराचा वरचा भाग आज अस्तित्वात नाही. बाहेरून पाहिले असता जो खालचा भाग उभा आहे त्यावरून हे शिखर भूमिज पद्धतीचे होते एवढे निश्चित सांगता येते. मध्यभागी वर चढत जाणाऱ्या लता आणि त्यांच्यामधल्या पट्ट्यांत एकावर एक रचलेली लहान शिखरे ही त्या पद्धतीची खूण. परंतु अशा शिखराच्या भूमी किती होत्या, पाच, सात की नऊ, त्याचा बाक कोठून वळू लागला होता, माथ्यावरचा आमलक केवढा होता, हे प्रश्न दगडाबरोबरच हरवले आहेत.

या हरवलेल्या भागाचे काय करावे, हा प्रश्न पुरातत्त्वज्ञांपुढे पूर्वीपासून होता. गेल्या दोन-तीन दशकांत तो नव्या स्वरूपात उभा राहिला आहे. लेसर स्कॅन, छायाचित्रमिती आणि संगणकावरील आकार-प्रतिमाने यांच्या साहाय्याने वास्तूची त्रिमितीय प्रतिकृती करणे आणि ती शिक्षणासाठी रचलेल्या खेळात बसविणे हा आता संशोधनाचा स्वतंत्र प्रांत झाला आहे. भारतातही विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने हम्पीच्या संदर्भात असा मोठा प्रकल्प झाला. या प्रांतातील चर्चा बहुधा तंत्राची असते: अचूकता किती, शिकणाऱ्याची गोडी किती वाढली, किती लक्षात राहिले. जो प्रश्न मागे राहतो तो नैतिक आहे. जे उरलेले नाही ते दाखविण्याचा अधिकार प्रतिकृतिकाराला कोठून मिळतो, आणि तो वापरताना त्याच्यावर कोणते ऋण येते? हा प्रश्न साहित्यविचाराला परका नाही. अनुकरण म्हणजे काय, या त्याच्या सर्वांत जुन्या प्रश्नाचेच ते एक रूप आहे.

१

अंबरनाथच्या बाबतीत हा प्रश्न संगणकाच्या पुष्कळ आधी उपस्थित झाला होता. १८६८ साली मुंबई सरकारच्या आदेशावरून सर जे. जे. कलाशाळेतील टेरी यांच्या देखरेखीखाली या मंदिराची रेखाटने आणि छायाचित्रे करण्यात आली, तसेच शिल्पांचे साचे घेण्यात आले. त्या काळाच्या मानाने हे आकार-प्रतिमानच होते. मात्र साच्याचा एक गुणधर्म लक्षात घेण्याजोगा आहे. साचा स्पर्शातून जन्मतो. मूर्तीचे नाक तुटलेले असेल तर साच्यातही ते तुटलेलेच उतरते. जेथे दगड नाही तेथे साचाही नाही. साचा कमी सांगेल, झिजलेले झिजलेलेच सांगेल, पण न पाहिलेले सांगणार नाही. त्याचे इमान त्याच्या असमर्थतेतून आलेले आहे.

त्याच सुमारास मंदिरातील शिलालेखाचेही वाचन झाले. भाऊ दाजी लाड यांनी त्यातील वर्ष शके ७८२ असे वाचले. पुढे, एकेकाळी त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या भगवानलाल इंद्रजी यांनी ते शके ९८२ असल्याचे दाखविले. एका अंकाच्या वाचनाने मंदिर इसवी सन ८६० मधून १०६० मध्ये आले. दोनशे वर्षांचे अंतर तुटले आणि शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळाशी त्याचा सांधा जुळला. ही घटना विद्वानाच्या चुकीची म्हणून सांगण्याचे कारण नाही. अस्पष्ट अक्षरांपुढे असे होणारच. महत्त्वाचे हे की चूक दुरुस्त होऊ शकली. ती होऊ शकली याचे कारण वाचन वेगळे राहिले आणि दगड वेगळा राहिला. भाऊ दाजींनी आपला तर्क दगडावर कोरून ठेवला नव्हता. दुसरा वाचक त्याच अस्पष्ट अक्षरांपुढे पुन्हा उभा राहू शकला.

तर्क आणि पुरावा यांच्यामधली ही फट हीच ज्ञानव्यवहाराची पूर्वअट होय. अंकीय प्रतिमानाने जर कोणता धोका निर्माण केला असेल तर तो असत्य सांगण्याचा नव्हे, ही फट बुजविण्याचा आहे.

२

बुजविणे हा शब्द येथे रूपक म्हणून आलेला नाही. स्कॅनमधून किंवा शेकडो छायाचित्रांमधून प्रथम मिळतो तो बिंदूंचा ढग: अवकाशातील लक्षावधी स्थाने, ज्यांच्यामध्ये काहीच नाही. यंत्राची किंवा कॅमेऱ्याची नजर जेथे पोहोचली नाही, कोनाड्याच्या आत, छज्जाच्या वर, मूर्तीच्या पाठीमागे, तेथे हा ढग विरळ होतो किंवा संपतो. या बिंदूंवरून त्रिकोणांची जाळी विणली जाते आणि त्या जाळीवर छायाचित्रांतून घेतलेला पोत चढविला जातो. २००६ साली काझ्दान, बोलिथो आणि होप यांनी मांडलेली आणि आज सर्रास वापरली जाणारी पृष्ठभाग-रचनेची रीत मुळातच अशी आहे की तिच्यातून बंद, पाणी न गळणारा पृष्ठभाग निघतो. बिंदू नसलेल्या जागी ती सभोवारच्या उतारावरून पृष्ठभाग पुढे ओढते. बहुतेक प्रतिमान-प्रणालींत छिद्रे भरण्याची एक तयार आज्ञाही असते. ती दिली की गणिताने पाहिलेले आणि डोळ्याने पाहिलेले एकाच पोताखाली नांदू लागतात.

साच्याची असमर्थता येथे संपते, आणि तिच्याबरोबर तिचे फुकट मिळालेले इमानही संपते. यंत्राला आता न पाहिलेलेही दाखविता येते. त्यामुळे जी जबाबदारी साच्यावर कधी नव्हती ती प्रतिमानावर, म्हणजे प्रतिमान करणाऱ्यावर, येते. सिन्नरच्या गोंदेश्वराचे भूमिज शिखर उभे आहे. मध्य प्रदेशातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर अंबरनाथच्या जवळपासच्या काळातले आहे. त्यांच्या आधारे अंबरनाथचे शिखर पडद्यावर पूर्ण करणे अशक्य नाही, आणि अभ्यासाच्या दृष्टीने ते निरर्थकही नाही. परंतु असे शिखर एकदा खालच्या अस्सल थरांसारख्याच काळ्या पोतात रंगविले की कोठे मुम्मुणीचा दगड संपला आणि कोठे विसाव्या-एकविसाव्या शतकाचा तर्क सुरू झाला, हे पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग उरत नाही.

जीर्णोद्धाराच्या शास्त्राने या धोक्याची दखल पूर्वीच घेतली आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने पुनर्स्थापनेची सीमा तर्काच्या आरंभापाशी आखली. चेझारे ब्रांदी यांच्या परंपरेतील चित्रपुनर्स्थापक हरवलेला भाग बारीक उभ्या रेषांनी भरतात. दुरून चित्र अखंड दिसते, जवळ गेल्यावर रेषा आपले परकेपण कबूल करतात. संगणकीय प्रतिकृतींसाठी २००६ साली सिद्ध झालेल्या आणि २००९ साली सुधारलेल्या लंडन सनदेने प्रतिकृतीमागील निर्णयांची नोंद ठेवण्याची अपेक्षा व्यक्त केली. मात्र नोंद दप्तरात असणे आणि कबुली प्रतिमेत असणे यांत अंतर आहे. खेळणाऱ्या मुलाच्या हाती दप्तर येत नाही, प्रतिमा येते.

३

या अंतराचे स्वरूप उलगडण्यासाठी भारतीय साहित्यशास्त्रातील एका जुन्या वादाकडे वळणे उपयुक्त ठरेल. नटाला पाहताना प्रेक्षकाला होणाऱ्या रामाच्या प्रतीतीचे वर्णन करताना श्रीशंकुकाने चित्रतुरगाचा दृष्टान्त दिला. चित्रातील घोडा पाहून ‘हा घोडा’ अशी जी प्रतीती होते ती सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयरूप नव्हे आणि केवळ सादृश्याचीही नव्हे. या चारींहून ती विलक्षण आहे. पाहणारा फसलेला नसतो आणि तरीही तो घोडाच पाहत असतो.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास चाळींच्या अंगणांत आणि इमारतींच्या आवारांत मुले जे किल्ले करतात ते या विलक्षण प्रतीतीचे शुद्ध उदाहरण आहे. दगडविटांचा ढीग, त्यावर ओले गोणपाट, त्यावर चिखल, उतारावर पेरलेले अळीव, सिंहासनावर मातीचे महाराज आणि तटाच्या उंचीइतकेच उंच मावळे. प्रमाणाचा हा विसंवाद कोणालाही खटकत नाही, कारण तो काही लपवीत नाही. ‘हा रायगड’ असे मूल म्हणते तेव्हा ते खोटे बोलत नाही आणि फसलेलेही नसते. माती आपण माती आहोत हे क्षणभरही विसरू देत नाही. शिवाय किल्ला रचताना मुलाला जे कळते ते हातांना कळते: माची डोंगराच्या सोंडेवरच का बसते, बालेकिल्ला उंचावरच का लागतो, दरवाजा समोरून दिसू नये यासाठी वाट कशी वळवावी लागते, आणि उतार चुकला की बुरूज कसा घसरतो. दिवाळी संपली की किल्ला मोडला जातो. त्याला रायगडाची जागा घ्यायची नसते.

शंकुकाच्या मतावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी घेतलेला आक्षेप प्रस्तुत प्रश्नाच्या मुळाशी जातो. अनुकरण झाले असे म्हणण्यासाठी मूळ आणि अनुकृती दोन्ही दिसावी लागतात. परंतु राम कोणी पाहिला आहे? मूळ अदृष्ट असताना नट त्याचे अनुकरण करतो असे म्हणणे कोणत्या प्रमाणावर? अभिनवगुप्ताने या आक्षेपाच्या वाटेने जाऊन नाट्याला अनुकरण न म्हणता अनुकीर्तन म्हटले. अनुकीर्तन म्हणजे मुळाची नक्कल नव्हे, मुळाविषयीचे पुन्हा सांगणे.

अंबरनाथच्या शिखराबाबत भट्टतौतांचा आक्षेप अक्षरशः लागू पडतो. ते शिखर आज जिवंत असलेल्या कोणीही पाहिलेले नाही. जेथे दगड उभा आहे तेथे प्रतिमान हे अनुकरण असू शकते. मूळ आणि प्रत शेजारी ठेवून ते तपासता येते. जेथे दगड नाही तेथे प्रतिमान कितीही गणिती असले तरी ते अनुकीर्तनच असते. दोन्ही कृती वैध आहेत. नैतिक दोष आहे तो अनुकीर्तनाने अनुकरणाचा वेष घेण्यात. सांगणारा जेव्हा आपण सांगत आहोत हे लपवितो आणि वस्तूच बोलत असल्याचा आभास उभा करतो, तेव्हा चित्रतुरगाची विलक्षण प्रतीती ढळून साध्या मिथ्या ज्ञानात तिचे पर्यवसान होते.

४

हे प्रतिमान खेळात गेल्यावर प्रश्न अधिक गहन होतो. क्लार्क अॅब्ट यांनी १९७० साली ‘गंभीर खेळ’ ही संज्ञा ग्रंथरूपाने मांडली. तिचा आशय मनोरंजनापलीकडचे, विशेषतः शिक्षणाचे, प्रयोजन मनात ठेवून रचलेला खेळ असा आहे. मराठी संस्कृतीला ही कल्पना नवी नाही. परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडलेला मोक्षपट हा कवड्यांनी खेळला जाणारा गंभीर खेळच होता. त्यातील शिड्यांना सद्गुणांची आणि सापांना दुर्गुणांची नावे होती. त्याच जातीचा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला पोहोचला आणि कालांतराने साप-शिडी म्हणून जगभर पसरला तेव्हा आकार टिकला आणि नावे गळून पडली. गंभीर खेळातील गांभीर्य ही त्याच्या आकारात आपोआप वसणारी वस्तू नव्हे, हा त्या प्रवासाचा धडा आहे.

संस्कृत नाटकातील विदूषकावर प्रबंध लिहून अभ्यासाला आरंभ करणाऱ्या योहान हाउझिंगा यांनी १९३८ सालच्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाची जी लक्षणे सांगितली त्यांत ‘हे खरे नव्हे’ ही जाणीव मूलभूत आहे. खेळणाऱ्याने ती जाणीव राखली तरच खेळ खेळ राहतो. गंभीर खेळाची अडचण अशी की तो एकाच वेळी ‘हे खरे नव्हे’ आणि ‘यावरून खरे शिक’ असे दोन आदेश देतो. मातीच्या किल्ल्यात हे आदेश परस्परांना छेदत नाहीत, कारण खोटेपणा मातीत आहे आणि खरेपणा करण्यात आहे. पडद्यावरच्या खेळात मुलाने काही केलेले नसते. तयार जगातून ते फिरते. तेथे कोणता तपशील खेळाच्या सोयीचा आणि कोणता पुराव्याचा हे ठरविण्याचे साधन त्याच्यापाशी नसते.

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे उदाहरण बोलके आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात घडणाऱ्या, २०१४ साली आलेल्या एका प्रसिद्ध व्हिडिओ गेममध्ये या चर्चची अत्यंत तपशीलवार प्रतिकृती होती. एप्रिल २०१९ मध्ये चर्चला आग लागली तेव्हा त्या प्रतिकृतीच्या आधारे पुनर्बांधणी करता येईल असा समज जगभर पसरला. वस्तुतः खेळातील चर्चवर जो सुळका होता तो एकोणिसाव्या शतकात व्हायोले-ल-द्यूक यांनी उभारलेल्या सुळक्यासारखा होता. कथा घडते त्या काळी तो अस्तित्वातच नव्हता. पुनर्बांधणीच्या दृष्टीने मोलाचे ठरले ते कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी आधी केलेले लेसर मापन, ज्यात सौंदर्याची भर नव्हती. खेळाने सुळका दाखविला यात अपराध नाही. प्रेक्षकाला ओळखीचे चर्च हवे होते. पण अनुकीर्तनाला अनुकरण समजण्याची चूक किती सहज, किती सद्भावनेने होते, हे त्या समजातून दिसले.

५

येथे दोन आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवेत. पहिला असा: भग्नतेचे हे कौतुक युरोपीय रोमँटिक अभिरुचीतून आले आहे. भारतीय परंपरेत जीर्णोद्धार हे पुण्यकर्म आहे; अंबरनाथचे मंदिर हे संग्रहालयातील वस्तू नसून तेथे आजही पूजा होते, महाशिवरात्रीला गर्दी लोटते. भक्ताला भग्न शिखरात सौंदर्य दिसावे असा आग्रह कोणी का धरावा?

आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. जीर्णोद्धार करणारा आपल्या काळात, आपल्या नावाने आणि आपल्या काळाच्या शैलीत बांधतो. वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारले. ते अहिल्याबाईंचे म्हणूनच ओळखले जाते. शेजारच्या कैलास लेण्याच्या काळातले म्हणून ते कोणी दाखविले नाही. जीर्णोद्धाराला कर्ता असतो. अंकीय पूर्तीला कर्ता नसल्यासारखे दाखविले जाते, आणि तिचे अनौचित्य तेथेच आहे. परंपरेचा दाखला घ्यायचा तर तो कर्तृत्वाच्या कबुलीसह घ्यावा लागेल.

दुसरा आक्षेप शिक्षणशास्त्राचा आहे. मुलाला पूर्णाकृती हवी असते. रिकाम्या जागा आणि शंका त्याच्यापुढे ठेवल्या तर त्याची गोडी मावळते. या आक्षेपाने मुलाला कमी लेखले आहे. अंगणातील किल्ल्याचा सगळा आनंद तो अजून झालेला नाही यातच असतो. पूर्ण झाल्यावर मुले तो इतरांना दाखवितात, पण खेळतात ते करताना. शिखराच्या पाच, सात की नऊ भूमी हा निर्णय जर खेळानेच मुलावर सोपविला, सिन्नरचे आणि उदयपूरचे दाखले त्याच्यापुढे ठेवले, त्याने रचलेले शिखर वेगळ्या रंगात उभे राहू दिले आणि शेजारच्या मुलाचे वेगळे शिखरही तितक्याच मानाने दाखविले, तर रिकामी जागा ही खेळातील उणीव न राहता खेळाचा प्राण होईल. तेथे मूल केवळ मंदिर शिकणार नाही. मंदिराविषयी जाणणे म्हणजे काय, हे शिकेल.

६

या विवेचनाला कोणी अतिसूक्ष्म म्हणेल. काल्पनिक शिखर दाखविल्याने कोणाचे काय बिघडते? कल्याणच्या खाडीकाठचा दुर्गाडी या प्रश्नाचे उत्तर देतो. १६५७ साली कल्याण स्वराज्यात आले आणि मराठी आरमाराच्या उभारणीचा आरंभ या खाडीशी जोडला जातो. किल्ल्याचे अवशेष मात्र थोडे आहेत. या जागेवर दोन समाजांची श्रद्धास्थाने आहेत आणि तिच्याविषयीचा वाद अनेक दशके न्यायालयात राहिला. अशा ठिकाणाचे ‘मूळ रूप’ पडद्यावर उभे करणारा कोणता तट ठेवील, कोणती वास्तू वगळील, कोणत्या वर्षाला ‘मूळ’ म्हणेल? यांपैकी प्रत्येक निवड तर्काची असेल, आणि पोत चढताच प्रत्येक निवड पुराव्यासारखी दिसेल. जे मूल त्या प्रतिमेतून फिरून पुढे खऱ्या जागी जाईल त्याला जागाच चुकीची वाटेल. प्रतिकृती तपासण्यासाठी मूळ वापरण्याऐवजी मुळाला प्रतिकृतीच्या मापाने मोजले जाईल, आणि जे अधिक आहे ते काढावे, जे उणे आहे ते भरावे, असे वाटू लागेल.

अंबरनाथला हाच उलटा न्याय अधिक सौम्य रीतीने घडू शकतो. पडद्यावर शिखर पूर्ण असते, शिल्पे स्वच्छ असतात आणि सभोवार कोरे आकाश असते. प्रत्यक्षात मंदिराशेजारून वाहणारी वालधुनी कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडली आहे, शहर अंगावर आले आहे आणि दगड दरवर्षी झिजत आहे. प्रतिमानात या गोष्टी येत नाहीत, कारण त्या वास्तूच्या आकाराचा भाग नाहीत. परंतु त्या तिच्या आयुष्याचा भाग आहेत. ज्याला पूर्ण मंदिर सहज मिळाले त्याला झिजणाऱ्या मंदिराची काळजी वाटेलच असे नाही. जतन करून ठेवल्याचे समाधान हे जतन करण्याच्या कर्तव्यातून सुटल्याचे समाधान होण्यास वेळ लागत नाही.

म्हणून प्रतिकृतीकडून अपेक्षा करायची ती पूर्णतेची नव्हे. तिने जेथे दगड आहे तेथे साच्याप्रमाणे विनम्र असावे आणि जेथे दगड नाही तेथे कीर्तनकाराप्रमाणे आपले नाव घेऊन उभे राहावे. साच्याचे इमान असमर्थतेतून आले होते. समर्थ यंत्राला ते निवडून स्वीकारावे लागेल, आणि निवडून स्वीकारलेल्या इमानालाच नैतिक मूल्य असते. भगवानलालांना दोनशे वर्षांची चूक दुरुस्त करता आली, कारण त्यांच्या आधीच्या विद्वानाने अस्पष्ट अक्षर अस्पष्टच राहू दिले होते. अंबरनाथच्या गाभाऱ्यावरील आकाशाविषयी प्रतिमानकाराचे कर्तव्य याहून वेगळे नाही.